आजोबांच्या हृदयाचे दोन फोटो

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबांनी तुम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांच्या अंगात अणुशक्ती भरली होती आणि ते काजव्यासारखे चमकत होते. दोन, त्या उजेडामुळे वाडीतली केळी यंदा आठ दिवस आधी पिकली. तीन, हृदयाची तपासणी पहिल्या वेळी फुकट गेली ती तुमच्या शास्त्रज्ञ आजीच्या घोडचुकीमुळे. पहिल्या दोन गोष्टी साफ खोट्या आहेत. तिसरी खरी आहे. ती मीच लिहून ठेवलेली बरी, कारण त्यांच्या तोंडी माझी चूक दर आठवड्याला थोडी वाढते आहे. परवा शेजारच्यांना सांगताना ते बेशुद्ध पडेपर्यंत मजल गेली होती. ते बेशुद्ध वगैरे पडले नव्हते. रिसेप्शनवरच्या मुलीकडे बिस्किटं मागत होते.

तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून वाक्यं लहान ठेवते आणि सुरुवातीपासून सांगते.

वसईत होळी भागातली आपली वाडी तुम्ही पाहिली आहे. विहिरीवर पंप लावला की पाणी पाटातून वाहतं, आणि आजोबा फावडं घेऊन एकेका ओळीचं तोंड उघडतात, भिजली की मातीने बंद करतात. पुढची ओळ. गेली पन्नास वर्षं हे चाललं आहे. यंदा थंडी सरता सरता माझ्या लक्षात आलं, की ते मधेच विहिरीच्या कठड्यावर बसतात. विचारलं तर म्हणाले, "गॅस."

मी ओवा दिला. दुसऱ्या दिवशीही गॅस. मग मी वही काढली. माझी ही सवय तुमच्या आईला अजिबात आवडत नाही, पण वही खोटं बोलत नाही. आठवड्याभराच्या नोंदी अशा होत्या: काम सुरू केल्यावर दहा-बारा मिनिटांनी बसतात, छातीवर पंजा ठेवतात, पाच मिनिटांनी उठतात, जेवणाशी काही संबंध नाही.

"अहो, गॅस घड्याळ लावून येत नाही," मी म्हटलं.

"माझा येतो. तुझ्या संगतीत राहून त्याला शिस्त लागली."

वसईतल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. त्यात काही दोष दिसला नाही, आणि आजोबांनी माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. पण डॉक्टरांनी वही वाचली आणि मान हलवली. म्हणाले, हृदयाला रक्त नेणारी नळी अरुंद झाली असेल, तर बसलेल्या माणसाला तेवढं रक्त पुरतं. काम करताना पुरत नाही. तेव्हा काम करणाऱ्या हृदयाचा फोटो काढून बघू.

प्रश्न असा होता. हृदयाच्या स्नायूचा एखादा तुकडा रक्ताविना नुसता उपाशी राहत असेल, तर नळी मोकळी करून तो वाचवता येतो. तो तुकडा मेलेलाच असेल, तर गेलेलं परत आणता येत नाही. मग पाट, फावडं, वाडी, सगळं बंद करून जपून जगायचं. आजोबांनी तिथेच जाहीर केलं, "तपासा हवं तेवढं. पण मी कापून घेणार नाही." आणि बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर हळूच विचारलं, "वाडी बंद म्हणजे पूर्ण बंद?"

मी रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगितला. मला त्या फोटोची भीती वाटत होती. तुम्हाला ठाऊक नसेल, पण असा फोटो ज्या औषधाने काढतात, त्याच औषधावर मी सगळी नोकरीभर काम केलं. आजी 'बाटल्या हलवायला जायची' एवढंच तुम्हाला आजोबांनी सांगितलेलं असणार.

काम असं होतं. एक किरणोत्सारी धातू असतो, टेक्नेशियम. दर सहा तासांनी तो निम्मा होतो, म्हणून साठवून ठेवता येत नाही, रोज ताजा काढावा लागतो. जाड शिशाच्या भांड्यात त्याचा जनक धातू बसवलेला असतो, त्यातून मिठाचं पाणी सोडलं की टेक्नेशियम उतरतं. आमच्या धंद्यात त्या भांड्याला गाय म्हणतात आणि सकाळच्या कामाला दूध काढणं. हे मी नवी सून असताना घरी कौतुकाने सांगितलं. तुमच्या पणजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं इंग्रजी शिकवलं माहेरच्यांनी, आणि शेवटी गायच पिळायला लावली. ती तर आपल्या गोठ्यातही होती."

पण नुसतं टेक्नेशियम हृदयाकडे जात नाही. त्याला वाट दाखवणारा रेणू लागतो. तो रेणू कोरड्या भुकटीच्या रूपात छोट्या बाटलीत भरायचा, म्हणजे कुठल्याही इस्पितळात त्यात ताजं टेक्नेशियम घालून इंजेक्शन तयार करता येतं. ही बाटली आपल्या देशात तयार करायची, हे आमच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या सात-आठ जणांचं काम. सुरुवातीचे आमचे रेणू हृदयाकडे ढुंकूनही पाहत नसत. उंदराला टोचलं की सरळ यकृतात जाऊन बसत. उंदराचं हृदय शेंगदाण्याएवढं असतं. त्या शेंगदाण्यात किती गेलं, यकृतात किती, फुप्फुसात किती, हे मोजून मी वह्या भरल्या. एकदा बाटलीत नकळत हवा शिरली, टेक्नेशियमला रेणूशी जोडणारं आतलं कथिल खराब झालं, टेक्नेशियम रेणूला चिकटलंच नाही आणि सगळं उंदरांच्या गळ्यातल्या ग्रंथीत आणि पोटात सापडलं. त्या दिवसापासून प्रत्येक बाटलीवर मी काय आहे, कधी भरलं, कोणी भरलं हे लिहिल्याशिवाय ती टेबलावर ठेवू दिली नाही. लोक मला कंटाळत.

शेवटी जो रेणू नीट चालला, त्याची बाटली उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवावी लागायची. मग गार करून कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकून बघायचं, किती चिकटलं, किती सुटं राहिलं. आजोबांनी एकदा हे ऐकलं आणि गावभर केलं: "आमची बायको डॉक्टरेट आहे. अंडी उकडते." तीस वर्षं हा विनोद चालू आहे. सणावाराला जास्त.

आता चुकीकडे येते.

तपासणीत हृदयाला पळवायचं असतं. बाकीचे लोक चालत्या पट्ट्यावर धावतात. आजोबांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. म्हणून त्यांना एक औषध शिरेतून देणार होते, ज्याने हृदयाच्या नळ्या धावल्यासारख्या फुलतात. या औषधाचा एकच वैरी, कॅफिन. चहा-कॉफीतलं कॅफिन अंगात असेल तर नळ्या फुलत नाहीत, आणि आजार असूनही फोटो चांगला येतो. म्हणजे नुसता दिवस वाया जात नाही, खोटा दिलासा मिळतो. म्हणून आदल्या दिवसापासून चहा बंद.

आजोबांचा चहा दिवसाला सहा कप. मी चहा, कॉफी, कोको, तुम्ही पाठवलेली चॉकलेटं, सगळं एका डब्यात भरून कुलूप लावलं. यादी केली आणि फ्रिजवर चिकटवली. शेजारच्या तीन घरी जाऊन बजावलं, की हे आले तर यांना चहा द्यायचा नाही, कितीही दीनवाणे दिसले तरी. ते खरंच दोन घरी जाऊन दीनवाणे दिसले. दोन्हीकडे सरबत मिळालं.

दुपारी चारपर्यंत त्यांचं डोकं ठणकायला लागलं. चहाबाज माणसाचा चहा तोडला की असं होतंच. कपाळाला पंचा बांधून ते ओटीवर बसले.

"काय ग, तुमच्या उंदरांनाही असंच छळायचात का?"

"उंदीर एवढी कुरकूर करत नसत."

"त्यांना चहाची चव माहीत नव्हती."

मला दया आली. आपल्या घरी औषधांची पेटी आहे, तुमच्या आईच्या भाषेत आजीचं म्युझियम. मी गोळ्यांच्या पट्ट्या ठेवत नाही. त्या पेटीत पसरतात, अर्धवट फाटतात, डोळ्यांना बरं दिसत नाही. म्हणून मी गोळ्या काढून काचेच्या लहान बाटल्यांत ठेवते आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिते: ताप, खोकला, पोट, डोके. 'डोके' उघडली, एक गोळी दिली. अर्ध्या तासात उतार पडला. पहाटे निघताना पुन्हा ठणकलं म्हणाले, तेव्हा मी स्वतः, पाण्याच्या ग्लासासकट, दुसरी गोळी दिली.

शहरातल्या तपासणी केंद्राकडे गाडीने निघालो. जवळच्या गोखिवऱ्यापर्यंतच तासभर गेला. पुढे ट्रक आडवा झाला होता. मी घड्याळाकडे बघून अस्वस्थ. त्यांच्या नावाची टेक्नेशियमची मात्रा सकाळच्या वेळेला मोजून ठेवलेली असणार आणि ती आम्हाला यायला वेळ लागला म्हणून थांबणार नव्हती, बसल्या जागी आटत जाणार. आजोबा मात्र प्रसन्न. गोळी उत्तम लागू पडली होती.

केंद्रातली टेक्निशियन मुलगी पंचविशीची, हातात पाटी, बोलायला भराभर.

"आजोबा, कालपासून टी, कॉफी, चॉकलेट, कोल्ड्रिंक काही?"

"काही नाही. हिने कुलूप लावलं होतं."

"व्हेरी गुड. कुठली मेडिसिन?"

"डोकेदुखीची. काल एक, आज सकाळी एक. हिने दिली."

मुलीने लिहायचं थांबवलं. "कुठली गोळी? स्ट्रिप आहे?"

त्या क्षणापर्यंत मला सुचलं नव्हतं, आणि त्या क्षणी सगळं एकदम सुचलं. डोकेदुखीच्या कितीतरी गोळ्यांत कॅफिन असतं. मी वसईच्या आमच्या औषधवाल्याला फोन लावला. तो आनंदाने म्हणाला, "काकी, तुम्ही नेहमी नेता तीच की! त्यात कॅफिन असतंच, म्हणून तर पटकन उतरतं."

मी त्या मुलीला सांगितलं. तिला मी कोण, काय हे ठाऊक नव्हतं. तिच्या दृष्टीने मी एक नीटनेटकी म्हातारी होते. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलीला समजवावं तशी म्हणाली, "आजी, इट्स ओके. पण बाटलीवर आजाराचं नाव नाही, औषधाचं नाव लिहायचं. आत काय आहे ते. लक्षात ठेवाल ना?"

"ठेवीन," मी म्हटलं.

आजोबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. मग वळून त्या मुलीला गंभीरपणे म्हणाले, "पोरी, तू हिला हे तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस."

त्यांची मात्रा पुढच्या माणसाला गेली. आम्हाला चार दिवसांनंतरची वेळ मिळाली.

ते चार दिवस आजोबा तुम्हाला रंगवून सांगतात. मी साधं सांगते. मला कोणीही रागावलं नाही, आणि तेच जड गेलं. चार दिवस मी त्यांना वाडीत पाऊल टाकू दिलं नाही. पाणी सोडायला भावकीतला पुतण्या यायचा, आणि हे ओटीवर बसून त्याला ओरडून सूचना द्यायचे, तेव्हा मला ते ओरडणंही नको वाटायचं. जिना चढताना मी मागे असायची. आंघोळीला गेले की दाराशी. माझ्या एका बाटलीमुळे हे चार दिवस वाढले होते, आणि या चारांतल्या एखाद्या दिवशी काही झालं असतं तर मी ते कोणत्या वहीत लिहिणार होते?

तिसऱ्या दिवशी पाचूबंदरची मासेवाली आली. तिच्या कानावर सगळं गेलेलं होतंच, कारण आजोबांनीच तिला फाटकात गाठून सांगितलं होतं. टोपली उतरवत ती म्हणाली, "बाय, येवढी शिकलेली तू, आनि गोलीचं नाव नाय वाचलंस?"

"नाही वाचलं."

"मी तं मासलीचा डोला बघल्याबिगर इकत नाय." मग तिने दोन पापलेटं माझ्यासमोर धरली. "ये बघ. लेबल लावायचं काय?"

आजोबा ओटीवरून म्हणाले, "लाव, लाव. 'पोट' म्हणून लाव."

त्या दुपारी मी पेटी रिकामी केली आणि सगळ्या बाटल्या फेकल्या. आता पट्ट्या आहेत, पसरलेल्या, फाटलेल्या, नावासकट.

दुसऱ्या वेळी डोकं ठणकलं तेव्हा आजोबांनी पंचा बांधून घेतला आणि गोळी मागितली नाही. मीही दिली नाही. रात्रभर कण्हत राहिले, पण ते कण्हणं मला ऐकू यावं एवढ्या बेताचं होतं.

केंद्रात तीच मुलगी. आधी हृदय शांत असताना टेक्नेशियमचं पहिलं इंजेक्शन झालं. मग तिने सांगितलं, काहीतरी तूप-लोण्याचं खा, म्हणजे यकृतात गेलेलं औषध निघून जाईल आणि फोटोत मधे येणार नाही. माझ्या डब्यात लोणी लावलेला पाव होता. आजोबा चवीने खात म्हणाले, "अणुशक्तीबरोबर मस्का पाव मिळतो हे आधी सांगितलं असतंस तर तीस वर्षांपूर्वीच आलो असतो." पहिला फोटो झाला. मग नळ्या फुलवणारं औषध सुरू केलं. मी दाराच्या काचेतून बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला, हात आपोआप छातीवर गेला, वाडीतल्यासारखा. त्याच मिनिटाला टेक्नेशियमचं दुसरं इंजेक्शन दिलं. या औषधाची खुबी अशी, की त्या घटकेला रक्त जिथवर पोचतं तिथेच ते बसून राहतं. फोटो तासाभराने काढा, दिसतो तो त्याच घटकेचा. चार-पाच मिनिटांत त्यांना बरं वाटलं. बाहेर येऊन म्हणाले, "न धावता धाप लागली. फसवणूक आहे." पण हसले नाहीत.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. पडद्यावर दोन ओळी होत्या, वरची धावणाऱ्या हृदयाची, खालची निजलेल्या. हृदय आडवं कापल्यासारखं दिसतं, मेदुवड्यासारखं गोल, मधे भोक. खालच्या ओळीतले वडे सगळीकडून सारखे उजळ होते. वरच्या ओळीत प्रत्येक वड्याचा खालचा भाग काळपट. कुरतडल्यासारखा.

मी आयुष्यात असे कितीतरी फोटो पाहिले होते. बाटली बरी निघाली की नाही, एवढंच त्यात शोधायचे. हा माणूस कोण, घरी कोण वाट बघतंय, हे विचारायचं काम माझं नव्हतं. त्या दिवशी मला बाटली आठवलीसुद्धा नाही. मी फक्त खालची ओळ पुन्हा पुन्हा पाहिली. तोच भाग. उजळ. नक्की उजळ.

डॉक्टर बोलायला लागले तसं आजोबांनी त्यांना हाताने थांबवलं आणि माझ्याकडे वळले. "तू सांग. तुला कळलंय. तुझ्या तोंडावर दिसतंय."

"हा काळा भाग काम करताना उपाशी राहतो," मी म्हटलं. "बसल्यावर त्याला मिळतं. बघा, इथे भरला. उपाशी आहे, मेलेला नाही."

"नक्की?"

"नक्की."

ते पडद्याकडे बघत राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या कामाकडे त्यांनी असं, चेष्टा न करता, बघितलं असेल. मग डॉक्टरांना म्हणाले, "मग वाढा की त्याला जेवायला. कापायचं असलं तर कापा."

कापावं लागलं नाही. मनगटातून तार घालून नळी मोकळी केली, आत स्टेंट बसवला. तिसऱ्या दिवशी घरी आलो. आता ते सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालतात, मधे बसत नाहीत. माझी वही तसं म्हणते.

डॉक्टरांनी पंधरा दिवस जड काही उचलायचं नाही म्हणून सांगितलं आहे. आज सकाळी आजोबांनी भाजीचा वजनकाटा ओटीवर आणला, त्यावर फावडं ठेवलं आणि मला हाक मारली.

"ये, वाच. दोन किलोसुद्धा नाही. याला जड म्हणतात? लाव डॉक्टरांना फोन."

मी काटा वाचला. वहीत लिहिला. म्हटलं, "हे कोरड्या फावड्याचं झालं. ओल्या चिखलासकट मोजा, मग लावते."

ते फावडं घेऊन चिखल आणायला निघाले होते. मी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं, आणि आता चिखल आणायला मी चालले आहे. पत्र इथेच थांबवते.